'एक बेळगावकर' यांना उत्तर: गल्ल्यावर बसलोय, म्हणूनच लिहिलं

नमस्कार,

मित्राच्या हॉटेलात जेवून सूट मागू नये, या माझ्या लेखाखाली 'एक बेळगावकर' या नावानं आलेली लांबलचक प्रतिक्रिया बहुतेकांनी वाचली असेल. "सोडून दे की, उत्तर कशाला देतोस," असं दोघातिघांनी सांगितलं. सोडलंही असतं. खरं त्यातलं एक वाक्य काही केल्या सोडवत नाही.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यांचं म्हणणं असं: मित्राकडे शंभर-दोनशे कमी दिले तर बिघडलं काय? स्विगी-झोमॅटोला कमिशन देताना दुखत नाही, मग मित्रालाच का? मॅनेजरला सूट द्यायचा अधिकार असतोच. हॉटेलवाल्याला जीएसटी परत मिळतो, म्हणजे त्याचं काही जात नाही. यांचा मित्र तर पूर्ण पैसे काढले की रागावतो. सीमाभागात मराठी माणसानं मराठी माणसाला सांभाळायचं नाही तर कुणी? आणि शेवटी: "लेखक महाशय, गल्ल्यावर कधी बसलाय काय? एसीत बसून लोकांना हिशेब शिकवायला काय जातंय?"

महाशय! नाव लिहिलं असतंत तर मी तुम्हाला काका, दादा, काहीही म्हटलं असतं. स्वतःचं नाव झाकून दुसऱ्याची माणुसकी काढायची, ही रीत मला तरी कुणी शिकवली नाही. आणि 'एक बेळगावकर' म्हणजे काय हो? मी काय हुबळीहून आलोय? राहिला एसी. तो आमच्या घरात नाही. बेळगावात लागतो कशाला?

एक गोष्ट मान्य करतो. लेखाला 'फुकटे मित्र' हे शीर्षक दिलं होतं, ते जरा झोंबणारं होतं. बदलून 'सूट मागणारे मित्र' केलंय. झालं समाधान?

आता गल्ला. वडिलांची शहापुरात खानावळ होती. महिन्याचे मेंबर, रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी बंद. मेंबरांचे खाडे लिहायचं काम माझ्याकडे, कारण शाळेतून आलो की मला गल्ल्यावर बसवून वडील आत जायचे. कोण चार दिवस गावाला गेलं, कुणी गेस्ट आणला, हे त्या वहीत माझ्याच अक्षरात आहे. त्याच वहीत शेवटी एक पान होतं, 'घरचे' नावाचं. त्या पानावर नुसती नावं आणि ताटांचे आकडे. रुपयांचा रकाना कोरा.

हे घरचे कोण? वडिलांचे मित्र, मित्रांचे मेहुणे, मेहुण्यांचे शेजारी. लग्नसराई आली की खानापूर, चंदगडकडून लोक बस्ता बांधायला शहापुरात यायचे. सकाळपासून साड्यांच्या दुकानात बसून दुपारी आमच्याकडे जेवायला. सोबत वडिलांचा कुणीतरी दोस्त असायचाच. जेवण झालं की तो गल्ल्यापाशी येऊन माझ्या पाठीवर थाप मारायचा आणि आत बघून ओरडायचा, "काय रे, आमच्याकडनं पण बिल घेणार काय?" वडील आतूनच म्हणायचे, "राहू दे, राहू दे." ज्या साडीवाल्याकडे याच मंडळींनी नोटा मोजल्या होत्या, त्याच्याशी कुणी मैत्री काढली नव्हती. साडीला किंमत असते. भाकरी काय, आईनं थापलेली.

आणि त्या भाकरीचं सांगतो. ऐन गर्दीत आठ-दहा माणसं जास्तीची आली की मेंबरांच्या वाटणीचं संपायचं. आई पुन्हा पीठ मळायला बसायची. मेंबर ताटकळायचे, ते बोलणी मला ऐकवायचे, कारण गल्ल्यावर मी. महिनाअखेरीला किराणावाला यायचा तेव्हा त्याला 'घरचे' हे पान दाखवून भागत नव्हतं. खानावळ त्यामुळे बंद पडली असं मी म्हणणार नाही. बंद पडायला कारणं वेगळी होती. पण वडिलांना "नाही" म्हणता आलं नाही, आणि ते येत नाही हे त्या प्रत्येक दोस्ताला ठाऊक होतं. माझ्या लेखात सांगायचं होतं ते एवढंच. मागितलेली सूट मित्राला नाकारता येत नाही, म्हणूनच ती मागायची नसते. तुम्ही ते वाचलंत की नुसतं शीर्षक बघून तापलात, कळायला मार्ग नाही.

जीएसटीचं तर तुम्ही ठोकूनच दिलंय. साध्या हॉटेलांना १५ नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के दर आहे, आणि त्या दरासोबत इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे दुकानभाड्यावर, फ्रीजवर, १९ किलोच्या सिलिंडरवर मालकानं जो कर भरला, तो गेला. परत येत नाही. हे विचारायला सीएकडे जावं लागत नाही, कुठल्याही हॉटेलवाल्याला विचारा. मित्र आहे म्हणता ना?

मॅनेजरचा अधिकार. माझा एक वर्गमित्र टिळकवाडीकडे एका हॉटेलात कॅप्टन, म्हणजे वेटरांवर देखरेख करणारा आहे. कॉम्प्युटरवर सूट टाकायची सोय आहे, ती भाजी खारट झाली, ऑर्डर विसरली, अशा वेळेसाठी. टाकली की कारण लिहावं लागतं, आणि रात्री मालक सगळं बघतो. आमच्याच दहावीच्या ग्रुपची मंडळी तिथं जेवली आणि "आपला माणूस आहे" म्हणून अडून बसली, तेव्हा त्यानं कारणाच्या जागी काय लिहायचं होतं? 'माझे दोस्त'? त्यानं वरचे पैसे स्वतः भरले. मला नंतर म्हणाला, "पुढच्या वेळी त्यांना दुसरीकडे घेऊन जावा की." नोकरी करणाऱ्याकडे सूट मागणं म्हणजे एक तर त्याच्या पगारातलं खाणं, नाही तर मालकाशी लबाडी करायला लावणं. तिसरं काही असेल तर सांगा.

आणि ते सीमाभागाचं वाक्य. ते वाचून मला खरोखर राग आला, लपवत नाही. १९५६ पासून इथल्या माणसानं काय सोसलं ते माझ्याही घरात माहीत आहे. १ नोव्हेंबरला आमच्याकडेही काळा दिन पाळतात. पण त्याचा मटण थाळीच्या बिलाशी संबंध जोडायचा? २०२४ मध्ये पाटीवर ६० टक्के कन्नडचा नियम आला, तेव्हा माझ्या ओळखीच्या एका मराठी हॉटेलवाल्यानं चांगली पाटी उतरवून नवी करून घेतली, स्वतःच्या पैशानं. सांभाळणारे तेव्हा कुठं होते? त्याच्याकडे बैलहोंगल, गोकाककडची कन्नड गिऱ्हाइकं येतात. "स्वल्प कम्मी माडरी", म्हणजे थोडं कमी करा, म्हणतात, हसतात आणि बिल पूर्ण देतात. अर्ध्या बिलावर उठतो तो आपला मराठी माणूस, वर जाताना मराठी अस्मितेवर बोलून जातो. मराठी माणसाचं हॉटेल टिकावं असं वाटतं ना? मग पूर्ण पैसे द्या, चार गिऱ्हाइकं आणा. एवढं साधं आहे.

स्विगी-झोमॅटोच्या कमिशनचा विषय वेगळा आहे. तो इथं ओढू नका. त्यावर कधीतरी लिहीन.

मालकानं आपणहून काही दिलं तर? घ्या की. एक वाटी रस्सा जास्त आला, शेवटी कुंदा आला, खाऊन टाका. मी कुठं नको म्हटलंय?

तुमचा मित्र पैसे काढले की रागावतो म्हणता, त्याबद्दल मी काय बोलणार, तो तुमचा मित्र. पण गल्ल्यावर यूपीआयचा क्यूआर चिकटवलेला असेलच. पुढच्या वेळी काही न बोलता पूर्ण रक्कम टाका आणि तो परत पाठवतो का बघा. पाठवली तर इथं येऊन लिहा, मी तुमची प्रतिक्रिया सगळ्यात वर लावतो. फक्त खाली नाव लिहा.