'ताप नाही ना, मग ॲलर्जीच' : हा फॉरवर्ड पुढं ढकलायच्या आधी जरा थांबा

आठवडाभर एकच मेसेज गल्लीच्या ग्रुपवर, भावकीच्या ग्रुपवर आणि पोरीच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात असा: "साखर कारखाने सुरू झालेत, हवेत धूर आणि काजळी हाय, सगळ्यांना नुसती ॲलर्जी झालीय. ताप नसेल तर ती ॲलर्जीच, ॲलर्जी पसरत नाही, पोरांना बिनधास्त शाळेला पाठवा. सर्दीच्या गोळीनं बरं वाटलं की समजा ॲलर्जीच होती. शेंबूड पिवळा झाला तरच इन्फेक्शन, मग अँटिबायोटिक घ्या. आणि तांबडा रस्सा प्या." मी काय डॉक्टर नाही, पण वीस वर्षं ॲलर्जीचा पेशंट आहे आणि गेल्या वर्षी नेमकी हीच चूक करून बसलोय, म्हणून लिहितोय.

'ॲलर्जी पसरत नाही' हे एक वाक्य शंभर टक्के खरं आहे, आणि त्याच्याच जिवावर बाकीचं सगळं खपतंय.

आता तापाचं. ॲलर्जीत ताप येत नाही हे बरोबर, पण ते उलटं करून ताप नाही म्हणजे ॲलर्जी असं होत नाही ना राव. साध्या सर्दीत मोठ्या माणसांना बऱ्याचदा ताप नसतोच, फ्लूमध्येसुद्धा प्रत्येकाला येतोच असं नाही, वयस्कर माणसांत तर कधी कधी ताप नसतो आणि नुसतं गळून जायला होतं. माझं काय झालं, गेल्या जानेवारीत शिंका सुरू झाल्या, नाक गळायला लागलं, म्हटलं आला आपला दरवर्षीचा पाहुणा. मेडिकलमधनं सर्दीची गोळी आणली, सकाळ-संध्याकाळ घेतली, एका बारशाला जाऊन आलो, रात्री आजीजवळ बसून मालिका बघितली. अंग दुखत होतं ते गाडीवर फिरल्यानं असेल असं धरून चाललो. तीन दिवसांनी आजीला १०२ ताप आणि धाप, ॲडमिटच करायला लागलं. डॉक्टरांनी विचारलं, घरात आधी कुणाला सर्दी होती? सगळे माझ्याकडं बघायला लागले. नंतर गोळीची स्ट्रिप उलटी करून बघितली तर त्यात पॅरासिटामॉल होतं! म्हणजे ताप असलाच तर तो मीच दाबत होतो आणि वर ताप नाही म्हणून छाती फुगवून फिरत होतो. आजी बरी झाली, अजून टोमणे मारते.

मग ओळखायचं कशावरनं? माझ्या अनुभवात सगळ्यात मोठी खूण म्हणजे खाज. ॲलर्जीत डोळे खाजतात, नाक आतनं खाजतं, टाळू इतकी खाजते की जीभ घासावीशी वाटते, शिंका एकामागनं एक दहा-पंधरा येतात, पाणी स्वच्छ पातळ असतं. माझ्या पोरीच्या नाकावर मध्येच एक आडवी बारीक रेघ पडलीय, सारखं तळहातानं नाक खालनं वर घासून घासून. ती रेघ सर्दीनं चार दिवसांत पडत नाही बघा. आणि ॲलर्जी आठवडेच्या आठवडे रेंगाळते, घर झाडताना, गोधड्या झटकताना, गाजर गवताजवळनं गेलं की वाढते. सर्दी-फ्लूत घसा दुखतो, अंग मोडून येतं, दोन-चार दिवस चढतं आणि साधारण आठ-दहा दिवसांत उतरतं. घरात एकापाठोपाठ एक आडवे पडायला लागले तर काय सांगायलाच नको, ॲलर्जी पाळीपाळीनं होत नाही. पहिल्या दिवशी मात्र दोन्हीकडं नुसतं पाणी आणि शिंकाच असतात, तिथंच माणूस फसतो.

कारखान्यांचं निमित्त अर्धं खरं आहे. हंगामात गच्चीवर वाळत टाकलेल्या कपड्यांवर काळे कण पडतात, हात लावला की फासतात, पाचट पेटवलं की घसा खवखवतो, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. पण धुरानं घसा चुरचुरणं ही बऱ्याचदा ॲलर्जीसुद्धा नसते, नुसता त्रास असतो. आणि गोची अशी की आपल्या देशात फ्लूच्या दोन लाटा येतात, एक पावसाळ्याच्या आसपास आणि दुसरी जानेवारी ते मार्च, म्हणजे ऐन गळीत हंगामात. मग खोकला काजळीचा का व्हायरसचा हे कॅलेंडर बघून कसं ठरवणार?

गोळीनं बरं वाटलं हा पुरावाच नाही, तसल्या गोळ्या व्हायरसच्या सर्दीतसुद्धा नाक सुकवतात. पिवळ्या शेंबडाचं तर विचारूच नका. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळं येतो, साध्या सर्दीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतोच, आणि व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर हवा बदललीय म्हणत बसू नका, सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते, टीबी नाही ना बघून घ्या. धाप, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, असलं काय दिसलं तर ग्रुपवर विचारायचं नाही, गाडी काढायची.

पोरांना शाळेला पाठवायचं का? दरवर्षीची खाजरी ॲलर्जी असेल तर खुशाल पाठवा. नवीन सर्दी असेल आणि कळत नसेल तर दोन-तीन दिवस घरी ठेवा, आजी-आजोबांपासनं लांब, जवळ जायचंच असेल तर मास्क.

राहिला तांबडा. तिखटानं नाकातल्या नसा चाळवतात, पाणी सुटतं, पंधरा मिनिटं नाक मोकळं वाटतं, औषध म्हणून त्याचा उपयोग एवढाच. तांबड्याला नावं ठेवायची माझी छाती नाही, फक्त सर्दी असताना पंगतीत बसू नका, डब्यात घालून घरी आणा.