सहावीत तुमचा प्रवेश झाल्याबद्दल अभिनंदन

ऑगस्ट सरत आला. गणपतीचं मखर अजून गराजमध्ये खोक्यातच आहे, भारतातून आणलेल्या बॅगा पुरत्या उघडल्याही नाहीत, आणि शाळेची ईमेल येऊन थडकली: वेळापत्रक, लॉकरचा नंबर, बसचा थांबा, शिवाय सह्या करून पाठवायच्या फॉर्मांची माळ. अभिनंदन! तुम्हाला मिडल स्कूलमध्ये प्रवेश मिळाला. सहावी, सातवी, आठवी असा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तुमच्या घरातल्या अकरा वर्षांच्या व्यक्तीलाही रोज तिकडे जावं लागेल, पण त्याने तुमच्या कामात फारसा अडथळा येत नाही.

आपल्या न्यू जर्सीत शाळा बहुधा लेबर डे उलटल्यावर, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार गेल्यावर उघडते. जॉर्जियातल्या तुमच्या मावसबहिणीचा फॉल, म्हणजे शाळेचं नवं सत्र, ऑगस्टच्या उकाड्यातच सुरू झालेला असतो आणि तेवढ्या भांडवलावर ती फोनवर तुम्हाला सल्ले देत असते. तेव्हा वेळ दवडू नका.

सगळ्यात आधी एक गैरसमज डोक्यातून काढा. प्राथमिक शाळेत तुम्ही वर्गावर गोष्ट वाचायला गेलात की पोरगं ‘ही माझी आई’ म्हणून सगळ्यांना सांगत सुटायचं. आता तेच पोरगं म्हणतं, ‘बाबा, मला कोपऱ्यावरच सोड. आणि प्लीज, ते गाणं बंद कर.’ एखादा भोळा पालक समजेल की त्याला आता जरा मोकळं सोडावं. तुम्ही असलं काही समजू नका. त्याला तुम्ही नको झालात याचाच अर्थ तुमची गरज वाढली. आजच्या आज पीटीएचे, म्हणजे पालक-शिक्षक संघाचे, सभासद व्हा.

पीटीए ही लेचीपेची संस्था नव्हे. 1897 साली वॉशिंग्टनमध्ये ॲलिस बर्नी आणि फीबी हर्स्ट या दोघींनी ती काढली तेव्हा तिचं नाव होतं ‘नॅशनल काँग्रेस ऑफ मदर्स’. बालमजुरीविरुद्ध कायदे, मुलांसाठी वेगळी न्यायालयं, बालवाड्या, शाळेत गरम जेवण असल्या गोष्टींसाठी त्या बायका भांडल्या. संघटनेच्या नावात ‘मदर्स’ जाऊन ‘पेरेंट्स’ यायला 1924 उजाडलं. आता बालमजुरीचा प्रश्न मिटल्यामुळे सहावीतली मुलं पीटीएसाठी कुकीचं कच्चं पीठ आणि गिफ्ट गुंडाळायचा कागद विकतात. विकत घ्यायचं कोणी, असं विचारू नका. ऑफिसातल्या प्रत्येकाचं मूल कुठे ना कुठे तोच कागद विकत असतं. तुम्ही त्यांचा घ्या, ते तुमचा घेतील. वर्षाअखेरीला सगळ्यांच्या कपाटात सारख्याच गुंडाळ्या असतात आणि शाळेला नवा स्कोअरबोर्ड मिळतो.

सभासद झालात की खरी कसोटी साइन-अप शीटची, म्हणजे कार्यक्रमाला कोणी काय आणायचं-करायचं त्या ऑनलाइन यादीची. ती रात्री येते, आणि पहिल्या चार-पाच मिनिटांतच नॅपकिन, कागदी पेले, बर्फ आणि प्लास्टिकचे चमचे संपतात. ते पटकावणारे पालक आपली दोन-तीन पोरं याच शाळेतून बाहेर काढलेले, मुरलेले गडी असतात. कुकरच्या शिट्ट्या मोजून तुम्ही फोन हातात घ्याल तोवर दोनच ओळी उरतात: ‘कार्यक्रमानंतरची आवराआवर’ आणि ‘डान्सच्या रात्री जिमच्या दाराशी उभं राहणं’. दुसरी ओळ डोळे मिटून घ्या. सहावीच्या डान्समध्ये कोणी नाचत नाही. मुलगे एका भिंतीला, मुली दुसऱ्या भिंतीला, मधल्या मोकळ्या जागेत डीजेचा आवाज. तुमचं पोरगं तुम्हाला पाहून न पाहिल्यासारखं करेल. त्याला हात करा. मग नावाने हाक मारा. घरातलं नाव वापरलंत तर उत्तम.

सप्टेंबरातच बॅक टू स्कूल नाइट असते. त्या संध्याकाळी मुलाचं वेळापत्रक हातात धरून तुम्ही वर्गामागून वर्ग करायचे, एकेक तास दहा मिनिटांचा. घंटा होते, आणि एम.टेक. झालेली माणसं 212 नंबरची खोली शोधत जिन्यावरून धावतात, जिमच्या मागे हरवतात, घामाघूम होऊन फ्रेंचच्या वर्गात शिरतात आणि मूल स्पॅनिश शिकतंय हे तिथे त्यांना कळतं. आज कोणाही एका मुलाबद्दल विचारू नये, असं शिक्षिका सुरुवातीलाच बजावतात. हा नियम इतरांसाठी असतो. तुम्ही हात वर करून विचारा, ‘समजा, एखाद्या मुलाचं हे सगळं आधीच करून झालंय, तर?’ वर्गातले तमाम देसी पालक मान वळवून तुमच्याकडे बघतील. निम्म्यांच्या जिभेवर तोच प्रश्न होता.

प्रश्न अर्थात गणिताचा. इथला जिना सरळ आहे: आठवीला अल्जिब्रा वन, मग जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, आणि बारावीला कॅल्क्युलस. पण आठवीला अल्जिब्रा घेणारं मूल आपल्या ओळखीत सांगायचं कसं? सातवीला हवा. त्यासाठी सहावीत वरच्या तुकडीत बसायला हवं, त्यासाठी पाचवीची प्लेसमेंट टेस्ट (कोण कोणत्या तुकडीत ते ठरवणारी), तिच्यासाठी चौथीचा उन्हाळा. असं मागे मागे जात राहिलं की चूक नेमकी सापडते. डोहाळजेवणाला बर्फी की पेढा यातच सगळ्या बायका गुंतल्या, प्लेसमेंटचा विषय कोणी काढलाच नाही.

आता ही एक माहिती घराबाहेर जाऊ देऊ नका, घरात तर त्याहून नाही: कॉलेजं नववी ते बारावीची गुणपत्रिका बघतात. मेसोपोटेमियाच्या नकाशाला सहावीत मिळालेले 88 कोणत्याही प्रवेश समितीपुढे जात नाहीत. मुलाला हे कळलं तर शनिवारचं रशियन पद्धतीचं गणित, रविवारचं जपानी पद्धतीचं गणित आणि रोज रात्रीची बाबांची रत्नागिरी पद्धत (जिचं मूळ सूत्र ‘एवढं साधं कसं येत नाही?’) हा सगळा डोलारा एका संध्याकाळी खाली येईल. शिवाय मॅथकाउंट्स आहेच. सहावी ते आठवीच्या मुलांची ही स्पर्धा. तिच्या स्प्रिंट राउंडमध्ये 40 मिनिटांत 30 गणितं, कॅल्क्युलेटरशिवाय. तुम्हीही घरी घड्याळ लावून बसा, पण मूल झोपल्यावर. तुमचे गुण त्याला दिसता कामा नयेत.

ज्यांना गणित पुरत नाही त्यांच्यासाठी लेगो लीग, म्हणजे लेगोच्या ठोकळ्यांचा रोबो करून चालवायची स्पर्धा. एका टीममध्ये जास्तीत जास्त दहा मुलं, मॅटवर मांडलेली कामं, आणि ती उरकायला रोबोला अडीच मिनिटं. नियम स्वच्छ आहे: काम मुलांनी करायचं, मोठ्यांनी फक्त वाट दाखवायची. तर रात्री साडेअकरा वाजता कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये तीन बाबा गालिच्यावर पालथे पडून वाट दाखवत असतात. एक चिप डिझाइनमधला, एक बँकेच्या सॉफ्टवेअरमधला, आणि एक सिव्हिलवाला, ज्याला काही कळत नाही पण ज्याच्या घरचा चहा चांगला असतो. मुलं वर पिझ्झा खाऊन कधीच झोपलेली. रोबो डावीकडे वळायला तयार नाही, आणि हा दोष बॅटरीचा की कोडचा यावरून पुण्याचं सी.ओ.ई.पी. आणि मुंबईचं व्ही.जे.टी.आय. या इंजिनिअरिंग कॉलेजांमधलं जुनं भांडण नव्याने पेटतं. स्पर्धेच्या दिवशी परीक्षक मुलांनाच विचारतात की हे तुम्ही कसं केलंत. त्याची उत्तरं आदल्या आठवड्यात पाठ करून घ्या. अथर्वशीर्ष येतं त्या पोरांना हे का येऊ नये?

बँडचं फार मनाला लावून घेऊ नका. पोरगं सॅक्सोफोन म्हणेल, तुम्ही क्लॅरिनेट म्हणाल, आणि सर ट्रॉम्बोन देतील, कारण ट्रॉम्बोनला कोणी नाही. तो महिन्याच्या भाड्याने मिळतो. डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी पांढरा शर्ट आणि काळी पँट सप्टेंबरातच घेऊन ठेवा. डिसेंबरात दोन्ही तोकडी होतील, पण घेतली होती असं म्हणता येईल.

शनिवार-रविवार मोकळे दिसले तर काळजी नको. मराठी मंडळाचा गणेशोत्सव बहुतेक एखाद्या शाळेचंच सभागृह भाड्याने घेऊन होतो. म्हणजे पाच दिवस शाळेत गेलेलं मूल सहाव्या दिवशी फेटा बांधून पुन्हा शाळेतच येतं. लेझीमची तालीम आणि सॉकरची मॅच एकाच वेळी आली तर मुलाने गाडीत कपडे बदलावेत. ही कला इथे वाढलेल्या मराठी मुलांइतकी कोणालाच साधलेली नाही. रविवारी मराठी शाळा. तिथे तुम्ही शिक्षक असणार, म्हणून मूल निदान एका वर्गात तुमच्या नजरेसमोर राहतं.

मग दिवाळी. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना 2023 च्या कायद्याने दिवाळीची सुट्टी मिळाली, आणि पहिली सुट्टी पडली 1 नोव्हेंबर 2024 ला. सुट्टी मिळालेल्या पालकांची पंचाईत अशी की शाळाच बंद, तर दिवाळी दाखवायची कुणाला? तुमच्या गावात सुट्टी नसेल तर तुम्ही भाग्यवान. शाळेला आपणहून कळवा की तुम्ही येऊन सण समजावून सांगाल. उत्तर येईल: ‘अवश्य या. खाऊ मात्र बंद पाकिटातला, घटकांची यादी छापलेला हवा. घरी केलेलं चालणार नाही. शेंगदाणे, काजू, बदाम वर्ज्य.’ आता चिवड्यातून शेंगदाणे आणि काजू काढा. उरले पोहे आणि कढीपत्ता, आणि तेही घरचेच. बेसनाच्या लाडवावर घटकांची यादी छापता येत नाही. सासूबाईंना विचारलंत तर त्या ‘अंदाजाने’ म्हणतील. शेवटी पैठणीच्या काठाचा ड्रेस घालून, पणतीत बॅटरीचा दिवा लावून (आग चालत नाही), तुम्ही नरकासुराच्या वधाची गोष्ट सांगाल, आणि त्या आनंदाप्रीत्यर्थ बावीस मुलं दुकानातल्या भोपळ्याच्या आकाराच्या कुकीज खातील. हॅलोविनच्या उरलेल्या, अर्ध्या किमतीत मिळाल्या म्हणून. तुमचं पोरगं त्या वेळी ‘नर्सकडे’ गेलेलं असेल.

गुण दाखवणाऱ्या शाळेच्या पोर्टलची सवय मात्र लवकर लावून घ्या. सायन्सची चाचणी दुसऱ्या तासाला होते, गुण दुपारी पोर्टलवर चढतात, आणि मूल पाचव्या तासाला बेसिनवर हात धूत असताना तुम्हाला ऑफिसच्या मीटिंगमध्ये कळतं की त्याला 76 पडले. त्याच्याआधी त्याचं अपयश तुमच्यापर्यंत पोचतं, ही सोय आपल्या आई-वडिलांना नव्हती. त्यांना प्रगतिपुस्तकावरच्या खाडाखोडीवरून अंदाज बांधावा लागायचा. मूल बसमधून उतरल्यावर चेहरा कोरा ठेवून विचारा, ‘काय मग, आज काय विशेष?’ ते म्हणेल, ‘काही नाही.’ इथे घाई करायची नाही. आधी खायला द्या.

तुमच्या सहभागाला सरकारचीही साथ आहे. 2015 च्या केंद्रीय शिक्षण कायद्यानुसार, गरीब मुलांसाठीच्या टायटल वन योजनेतून ज्या स्कूल डिस्ट्रिक्टला (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेला) 5 लाख डॉलरहून जास्त मिळतात, त्याला त्यातला निदान 1 टक्का पालकांच्या सहभागासाठी राखावा लागतो. ज्या पालकांसाठी हा पैसा आहे त्यातल्या कितीकांच्या दिवसाला दोन-दोन पाळ्या असतात; दुपारी तीनच्या बैठकीला ते येणार कसे? आपल्या गावात असल्या निधीची गरज नाही. इथे सहभाग ओसंडून वाहतो. पार्किंगमध्ये तुम्ही दिसताच मुख्याध्यापिकेने न वाजलेला फोन कानाला लावला की समजा, तुमचा सहभाग योग्य पातळीला पोचला.

नोव्हेंबरात पालकसभा होते. पंधरा मिनिटांत एकदोन शिक्षकांना गाठायचं असतं. एखाद्या बाई सांगू लागतील की तुमचा मुलगा जेवणाच्या सुट्टीत नव्या आलेल्या मुलाशेजारी जाऊन बसतो, त्याला हसवतो, परवा तर त्याचं हरवलेलं जाकीट शोधायला मदत केली. मान हलवा, ‘थँक यू’ म्हणा, आणि सातव्या मिनिटाला प्लेसमेंटवर या.

त्याच महिन्यात न्यू जर्सीतले शिक्षक अधिवेशनाला अटलांटिक सिटीला जातात आणि शाळा गुरुवार-शुक्रवार बंद राहतात. शिक्षकांना आपल्यापासून दोन दिवस लांब राहायला मिळावं म्हणून हे असावं. तुम्ही ही संधी साधून फ्लोरिडाला डिस्नेला जाल. सगळी जर्सी तेच करते. तिकडे त्या आठवड्याला ‘जर्सी वीक’च म्हणतात. ज्या पीटीए अध्यक्षीण बाईंना तुम्ही सप्टेंबरपासून चुकवत आलात त्या रोलर कोस्टरच्या रांगेत नेमक्या तुमच्या पुढे असतील, आणि रांग पाऊण तासाची असेल.

थँक्सगिव्हिंगच्या चार दिवसांत विश्रांती घ्या. मुलालाही जरा लोळू द्या. फोनकडे बघून त्याला कसलं हसू येतंय ते विचारू नका, सांगणार नाही. उन्हाळी शिबिरांची नोंदणी जानेवारीत सुरू होते आणि चांगल्या शिबिरातल्या जागा नॅपकिनच्या वेगाने संपतात, तेव्हा गजर आत्ताच लावून ठेवा. आणि हो, ट्रॉम्बोनचं भाडं दर महिन्याला आपोआप कापलं जातं. पोरगं डिसेंबरनंतर तो वाजवणार आहे का, ते कोणीतरी एकदा त्याला विचारा.