बंबाले किती स्टार?

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या तांब्याच्या बंबानं राम म्हटला. मायनं साडेचारला पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, पेटवली होती, पोट्टे अंगाला उटणं फासून कुडकुडत बसले होते, आणि बंबाच्या आतल्या नळकांड्याला जे बारीक भोक होतं ते नेमकं त्याच दिवशी मोठं झालं. पाणी सरळ निखाऱ्यावर. फस्स! वाफ, राख, धूर, सगळी न्हाणी काळी, पोट्टे काळे आणि आग खलास. आपल्याच पोटातल्या पाण्यानं आपलीच आग विझवणारा बंब मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

हा बंब बाबांच्या लग्नात आलेला, म्हणजे वयानं माझ्यापेक्षा मोठा आणि घरात मानही माझ्यापेक्षा जास्त. आतापर्यंत तीनदा झाळून आणला होता. चौथ्यांदा दर्यापूरला नेला तर तो माणूस बंब उलटासुलटा करून म्हणे, "भाऊ, याच्यात आता तांबं कमी न झाळ जास्त हाये."

बरं, जळणाचंही भांडण होतंच. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं कपाशीची जी वाट लावली ना, तेव्हापासून कृषी सहायक दरवर्षी येऊन सांगतात की पऱ्हाटीचे ढीग घराजवळ रचून ठेवू नका, त्यात अळीचे कोष राहतात, पुढच्या हंगामात तीच अळी परत येते. मायचं म्हणणं, "अळी राह्यते म्हणून माणसानं आंग धुवाचं सोडाचं का?" याला कृषी सहायकाकडे उत्तर नव्हतं. ते चहा पिऊन गेले.

शेवटी बायकोनं निकाल दिला. गिझर घ्यायचा, पण लाईट कमी खाणारा. कारण महिन्याला 100 युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटचा दर एकदम उडी मारतो, आणि आमचं बिल नेहमी त्या 100 च्या काठावर उभं असते, विहिरीत वाकून पाहणाऱ्या पोरासारखं.

मी गावात एकदाच, चुकून, पारावर बोललो की गिझर पाहून रायलो. झालं. संध्याकाळपर्यंत सल्ला द्यायला रांग. एक म्हणे गॅसचा घे. त्याला म्हटलं आमच्या न्हाणीला खिडकी नाही, बंद खोलीत त्याचा कार्बन मोनॉक्साइड साचला तर वासही येत नाही, माणूस आंग धुता धुता आडवा. दुसरा म्हणे कायले खर्च करतं बाप्पा, 1500 वॅटचा रॉड टाक बादलीत. मायनं लगेच हात जोडले, तिनं रॉडच्या बादलीत बोट घालून पाणी पाहणारे लोक पाहिलेत. पुण्यातल्या भाच्यानं फोनवर सांगितलं, "मामा, हीट पंप घ्या, तो हवेतली उष्णता ओढतो, एक युनिट लाईटमध्ये तीन युनिटची गर्मी." मी ते बाबांना सांगितलं तर बाबा म्हणे, "आपला पंप हाये ना वावरात, त्यालेच जोडून पाह्य." किंमत ऐकल्यावर मग मीही वावरातल्या पंपाकडेच वळून पाहिलं.

सोलरचं मात्र मी मनावर घेतलं होतं, खरं सांगतो. आमच्याकडे डिसेंबरातही ऊन कडक, 100 लिटरचा काचेच्या नळ्यांचा सोलर दिवसभरात पाणी मस्त तापवतो, टाकीला जाड आवरण असते म्हणून सकाळपर्यंत गरम राहते, लाईटचं काम नाही. सगळं जमत होतं. मग एका सकाळी मी चहा घेऊन अंगणात उभा होतो आणि शेजारच्या पिंपळावरून वानरांची टोळी आमच्या टिनावर उतरली. धाड धाड धाड. एकूण चौदा मोजली, एकाच्या हातात आमच्याच घरचा पेरू. मी त्या काचेच्या नळ्या डोळ्यासमोर आणल्या आणि चहा संपवून आत गेलो. सोलर कॅन्सल.

इन्स्टंट गिझर 3000 वॅटचा, तरी 30 डिग्री वाढवून पाणी पाहिजे तर मिनिटाला दीड लिटरही धड देत नाही, म्हणजे बादली भरेपर्यंत दहा मिनिटं माणूस नुसता उघडा उभा. आमची वायरिंग पण बंबाच्याच वयाची. तेही कॅन्सल.

मग अकोल्याला दुकानात गेलो. दुकानदार म्हणे, "फाईव्ह स्टार घ्या, डोळे झाकून." मी म्हटलं डोळे उघडे ठेवून घ्यायला आलोय, हे स्टार कशाचे ते सांगा. तो म्हणे, "जितके स्टार तितकी लाईट कमी." मी लेबलचा फोटो काढला आणि घरी येऊन रात्रभर वाचत बसलो. तेव्हा जे कळलं त्यानं माझी झोप उडाली. टाकीवाल्या गिझरचे स्टार हे पाणी तापवण्याचे मार्कच नाहीत! तापलेलं पाणी टाकीत नुसतं बसून राहिलं तर 24 तासांत किती ऊब वाया जाते, त्याचे मार्क आहेत. तापवायला लागणारी लाईट एक स्टारलेही तेवढीच न पाच स्टारलेही तेवढीच. 25 लिटर पाणी 20 वरून 50 डिग्रीवर न्यायचं तर 0.87 युनिट लागणार म्हणजे लागणार, तिथं दुकानदाराचं काही चालत नाही.

आता आमच्या घरात पाणी बसून राहते का? सहा माणसं आणि न्हाणी एक. पाणी कोमट होत नाही तर दारावर थापा. त्यात सकाळी सगळं गाव जागं झालं की व्होल्टेज 170 वर येते, आणि 170 ला 2000 वॅटचा गिझर जेमतेम 1100 वॅटचं काम करते, म्हणजे अर्ध्या तासाचा पाऊण तास. इथं पाण्याला थांबायला वेळ कुठाय, माणसंच थांबून रायली! मी बायकोला सगळं कागदावर मांडून सांगितलं की आपल्याले एक स्टारही चालते. ती भाकरी थापता थापता म्हणे, "आणि बाबा?"

खरंच की. बाबा आयुष्यात मोटारीचा स्टार्टर सोडून कोणतंच बटन बंद करत नाहीत. त्यांनी पहाटे लावलेला गिझर दिवेलागणीलाच कोणाच्या तरी लक्षात येणार. म्हणजे पाच स्टार लाईटसाठी नाही, बाबांसाठी घ्यायचे. कागद फाडला.

दुसऱ्यांदा अकोल्याला गेलो तर दुकानदारानं विचारलं, "पाणी कसं हाये तुमच्याकडं?" म्हटलं खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारं. नळ आला त्या दिवशी गोडं, नाहीतर बोअरचं. त्याचा चेहरा रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरसारखा झाला. म्हणे, "मंग स्टार मांगून पाहा, पयले टाकी पाहा." पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाण्याचा हा पट्टा, बोअरचं पाणी चहात टाकलं तर चहा रुसते, त्यापुढं लोखंडी टाकीची काय कथा. म्हणून आतून काचेचा लेप असलेली टाकी घ्यायची, आणि तिच्यात मॅग्नेशियमची एक कांडी असते, ते खारं पाणी आधी तिला खाते, म्हणून टाकी वाचते. ती खपत आली की बदलायची. थोडक्यात, घरातला थोरला भाऊ. मी स्वतः थोरला असल्यामुळे त्या कांडीकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिलो.

घेतला एकदाचा. 25 लिटर, पाच स्टार, कांडीसकट. मग भिंत मातीची म्हणून लोखंडी अँगल करून घेतला, मग 16 अँपियरचा बोर्ड, मग अर्थिंगचा खड्डा, मग मिस्त्रीच्या घरी लग्न. बसला कधी? महाशिवरात्रीला. म्हणजे ज्या दिवशी थंडी शिव शिव म्हणत जाते त्याच दिवशी. आता आमच्याकडे मार्च लागला की टिनावरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी हात लावू देत नाही आणि मे महिन्यात तर थंड पाण्यासाठी पहाटे उठावं लागते. गिझरची वॉरंटी मात्र बिलाच्या तारखेपासून चालू झालेली.

भंगारवाला बंब मागायला आला होता, किलोवर. मायनं त्याला फाटकातूनच परत लावला. मग नव्या गिझरपाशी गेली, लाल दिवा पाहिला, खालून वाकून पाहिलं, बाजूनं पाहिलं, आणि मला हाक मारली.

"सारं बराबर हाये रे. पन याच्यात भरताचं वांगं कुठून टाकाचं?"