मोठा कप म्हणजे जास्त कॉफी नव्हे

लाटे आणि कॅपुचिनोत फरक काय, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, "कॅपुचिनोवर फेस जास्त असतो." हे खरं आहे, पण फेसाइतकाच महत्त्वाचा असतो कपाचा आकार, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

या सगळ्यांच्या मुळाशी आहे एस्प्रेसो. बारीक दळलेली कॉफी घट्ट दाबून बसवायची आणि साधारण ९ बार दाबाने तिच्यातून गरम पाणी काढायचं. २५-३० सेकंदांत जेमतेम ३० मिली द्रव उतरतो, हाच एक शॉट. मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ मध्ये पेटंट घेतलेलं यंत्र वाफेवर चालायचं, त्यात एवढा दाब मिळत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाजियाची दांड्याची यंत्रं आली, दाब वाढला आणि एस्प्रेसोवर तो सोनेरी तपकिरी थर, म्हणजे क्रेमा, दिसू लागला.

आता हाच एक शॉट १५०-१८० मिलीच्या कपात दूध आणि जाड फेसाबरोबर आला की कॅपुचिनो. तोच २५०-३०० मिलीच्या कपात भरपूर दूध आणि वर पातळसा फेस घेऊन आला की लाटे. कॅफीन दोन्हींत सारखंच! बदलतं ते कॉफीचं प्रमाण. म्हणून कॅपुचिनोत कॉफी आधी जाणवते आणि लाटेत दूध. फ्लॅट व्हाइटचा कप कॅपुचिनोएवढाच असतो, पण फेस अगदी पातळ आणि बहुतेक ठिकाणी शॉट दोन, त्यामुळे चव चांगलीच ठसठशीत. (ती ऑस्ट्रेलियाची की न्यूझीलंडची, हा वाद अजून मिटलेला नाही.) मोका म्हणजे चॉकलेट घातलेली लाटे, त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

म्हणूनच कॅपुचिनो भल्यामोठ्या कपात देण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. शॉट तोच ठेवून दूध दुप्पट केलं की ती जास्त फेसाची लाटेच होते. मेनूकार्डावर प्रत्येक नावापुढे कप किती मिलीचा आणि शॉट किती, एवढं छापायला काय हरकत आहे?

दुधाबद्दलही माझा आग्रह आहे. वाफेची नळी सुरुवातीला दुधाच्या पृष्ठभागाजवळ धरली की चर्र असा बारीक आवाज येतो, तेव्हा दुधात हवा शिरत असते. मग नळी थोडी खाली नेऊन दूध गोल फिरवत राहायचं, की मोठे बुडबुडे फुटून ओल्या रंगासारखं चकचकीत दूध तयार होतं. ६०-६५ अंशांना थांबायचं. त्या तापमानाला दूध सर्वात गोड लागतं; ७० च्या पुढे गेलं की उकळल्याचा वास येतो आणि फेसही बसू लागतो. "अजून कडक गरम करून द्या" असं सांगताना आपण हा गोडवाच घालवतो.

बिनदुधाच्या कॉफीत अमेरिकानो म्हणजे एस्प्रेसोवर गरम पाणी. लाँग ब्लॅकमध्ये आधी पाणी आणि वरून एस्प्रेसो, त्यामुळे क्रेमा टिकतो. कोल्ड ब्रूला यंत्रच लागत नाही. जाडसर दळलेली कॉफी १२ ते १८ तास थंड पाण्यात भिजवून गाळतात. बर्फ घातलेल्या कॉफीपेक्षा तिचा आंबटपणा कमी असतो. आणि एस्प्रेसो सर्वात "स्ट्राँग" हा समज तर अर्धाच खरा. घोटागणिक ती दाट असते हे बरोबर, पण एका शॉटमध्ये कॅफीन साधारण ६०-६५ मिलिग्रॅम, तर मगभर फिल्टर कॉफीत (दाक्षिणात्य नव्हे, कागदी गाळणीतून उतरवलेली) ९०-९५ च्या घरात. झोप उडेल या भीतीने एस्प्रेसो टाळून मोठा मग घेणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

कुठून सुरुवात करू असं विचारलं, तर मी कॉर्टाडो सुचवते. एस्प्रेसो आणि दूध निम्मं-निम्मं, फेस जवळजवळ नाहीच. ती कडू लागली तर कॅपुचिनो घ्या, तीही जड वाटली तर लाटे. पहिला घोट मात्र बिनसाखरेचा घ्या.