केसरबाईंची सोळा पानं

गेल्या आठवड्यात चौथीच्या वर्गात गोवा मुक्तिसंग्रामातले क्रांतिकारक मोहन रानडे यांच्यावरचं पुस्तक उघडलं आणि पुढच्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, गोंय सुटलें न्हय? मागीर तांकां कित्याक सोडूंक नात?" (गोवा सुटला ना? मग त्यांना का सोडलं नाही?)

गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले १९६९ साली. हे दोन्ही सन मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले, कधी कोणी हात वर केला नव्हता. या वेळी डाव्या पानावर तिरंगा घेऊन नाचणारी माणसं होती आणि उजव्या पानावर गजांआड बसलेला एकटा माणूस. दोन चित्रं शेजारी दिसली आणि मुलाला ते खटकलं. मग उत्तर देताना भारत आणि पोर्तुगाल यांचे संबंध का तुटले होते, तेही सांगावं लागलं. आख्खा वर्ग ऐकत होता.

लहान मुलांना इतिहास द्यायचा तो असा, एकेका माणसाच्या चित्रमय चरित्रातून, हे माझं ठाम मत आहे. "४५१ वर्षांची राजवट" हे आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी नुसते शब्द असतात. त्याला आईचं वयसुद्धा फार मोठं वाटतं. पण घरापासून दूर, कोठडीत बसलेला माणूस त्याला लगेच कळतो.

आमच्या शाळेच्या कपाटात शिवाजी महाराज, टिळक, गांधीजी आहेत, आणि असायलाच हवेत. पण आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरीत १८९२ साली जन्मलेल्या गायिका केसरबाई केरकर त्यात नव्हत्या. म्हणून जाड कागदाची सोळा पानं शिवली आणि चित्रं मीच काढली.

तेव्हा समजलं की चित्र काढताना पळवाट नसते. "केसरबाई लहानपणी गाणं शिकल्या" हे वाक्य लिहायला काही माहीत असावं लागत नाही. तेच चित्रात दाखवायचं तर त्या कुठे बसल्या, अंगात काय होतं, उजेड कशाचा होता, सगळं ठरवावं लागतं. मी सवयीने छताला बल्ब काढला. एका मुलीने विचारलं, "तेन्ना लायट आशिल्ली?" नव्हती. त्या पानावर आता दिवली चिकटवली आहे. ती मुलगी त्यानंतर प्रत्येक पुस्तकातले दिवे तपासते.

पुढची पानं भराभर उलटली जातात: आठव्या वर्षी कोल्हापूर, मग मुंबई, अल्लादिया खाँसाहेबांची कडक तालीम. शेवटच्या पानावर मात्र मुलं थांबतात. १९७७ साली दोन व्हॉयेजर अवकाशयानं निघाली. प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे आणि तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे, "जात कहाँ हो". यानं ऑगस्ट-सप्टेंबरात सुटली, केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. केरीचा आवाज आज ताऱ्यांमधल्या अवकाशात आहे. हे सांगून मी ध्वनिमुद्रण लावते. वर्गात चिडीचूप.

एक पान गाळा, असं मला आपुलकीनेच सुचवलं गेलं. केसरबाई कलावंत समाजातल्या. देवळाच्या सेवेशी बांधलेल्या या घरांतल्या मुलींना लग्नाचा हक्क नसे, त्यांची कला हवी असे पण मान मिळत नसे. पुढे त्या समाजाने स्वतः झगडून ही रीत मोडली. नऊ वर्षांच्या मुलांना हे कशाला, असा प्रश्न होता. मी पान ठेवलं. तेवढ्याच शब्दांत, जेवढे वर लिहिलेत. ते काढलं तर केसरबाई नुसत्या नशीबवान गायिका होऊन जातात आणि त्यांनी काय ओलांडलं ते मुलांना कधीच कळत नाही. मुलांसाठी कमी सांगावं, हे मान्य. खोटं सांगू नये.

म्हणूनच थोरांच्या तोंडी मनाची वाक्यं घालणारी पुस्तकं मला पटत नाहीत. संमोहनाचा अभ्यास करणारे कांदोळीचे धर्मगुरू आबे फारिया, त्यांची "कातर रे भाजी" (काप रे भाजी) ही गोष्ट घ्या. लिस्बनला व्यासपीठावर शब्द फुटेना, तेव्हा खाली बसलेल्या वडिलांनी कोंकणीत धीर दिला, अशी आख्यायिका. मुलांना ती फार आवडते आणि मी ती सांगतेही, पण पानावर ठळक लिहून, "असं सांगतात". पुढच्या पानावर "असं सांगतात" नाही. संमोहन हातातल्या कुठल्या अदृश्य शक्तीने होत नाही, ते समोरच्याच्या मनात घडतं, हे फारियांनी पॅरिसमध्ये दाखवलं. हा फरक चौथीतली मुलं सहज करतात. आता घरून ऐकलेल्या गोष्टींनाही विचारतात, "हें खरें काय सांगतात?" (हे खरं, की नुसतं "असं सांगतात"?)

पुढचं पुस्तक लिबिया लोबो सरदेसाई यांचं. १९५५ ते १९६१, सीमेपलीकडच्या रानातून त्या आणि वामन सरदेसाई गोवा मुक्तीसाठी गुप्त रेडिओ चालवत होते. मजकूर लिहून झालाय, चित्रं अडली आहेत. त्या काळात गोव्यातल्या घरी रेडिओ कसा होता, कुठे ठेवत, दारं लावून ऐकत का? कोणाच्या आजी-आजोबांना आठवत असेल, जुना फोटो असेल, तर कमेंटमध्ये नक्की लिहा. अंदाजाने काढायचं नाहीये.