मामा, पाणी बघितलंस का?

ओल्या हाताने बटण दाबू नये, हे मला आधी आईने सांगितलं, मग वडिलांनी, मग शाळेत विज्ञानाच्या बाईंनी आणि शेवटी खुद्द बटणाने. बटणाची शिकवण्याची पद्धत सगळ्यांत परिणामकारक होती. त्यानंतर चाळीस वर्षं मी पाणी आणि वीज यांच्या मध्ये कायम एक टॉवेल ठेवत आलो.

यंदा मार्चमध्ये भाचा शिकायला जर्मनीला गेला आणि जाताना आपला कॉम्प्युटर आमच्याकडे ठेवून गेला. ताईकडे ठेवता येत नव्हता, कारण तिच्याकडे मांजर आहे आणि मांजराला नळ्या आवडतात.

"फार काही करायचं नाही मामा," तो म्हणाला. "आठवड्यातून एकदा पाणी बघत जा."

"कशाचं?"

"ह्याचं."

हे म्हणजे एक काचेची पेटी होती. आत आडव्या-उभ्या पारदर्शक नळ्या, एका कोपऱ्यात पाण्याचं नळकांडं, वर तीन पंख्यांचा रेडिएटर. कॉम्प्युटरचं डोकं पाण्याने थंड ठेवतात हे मी ऐकून होतो, आणि त्यात वावगं काहीच नाही. डोकं थंड ठेव, असं मलाही घरात रोज सांगतात. पण एक नळी खाली जाऊन तळाच्या काळ्या डब्यात शिरत होती आणि त्याच डब्याच्या पाठीत विजेची जाडजूड वायर खोचलेली होती. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एका बाजूने २३० व्होल्ट, दुसऱ्या बाजूने पाणी.

"हे चुकून लागलंय का रे?"

"चुकून नाही. पॉवर सप्लाय आहे तो. लिक्विड कूल्ड." आंबा देवगडचा आहे, हे सांगताना लोकांचा जो चेहरा होतो, तो त्याचा झाला.

मग त्याने मला सगळं समजावलं. भिंतीतून आलेली वीज ह्या डब्यात आधी सरळ करतात, म्हणजे डीसी; ती करताना व्होल्टेज चढतं ते जवळपास ४०० पर्यंत. मग सेकंदाला हजारो वेळा तिचे तुकडे पाडून ती १२ व्होल्टवर उतरवतात. एवढा द्राविडी प्राणायाम केल्यावर आत गेलेल्या १०० वॅटमधले ९२ बाहेर पडतात, उरलेल्या आठांची उष्णता होते. १२०० वॅट द्यायचे म्हटले की शंभरेक वॅटची धग चपलांच्या खोक्याएवढ्या डब्यात कोंडते. साधा सप्लाय पंख्याने ती बाहेर फेकतो. ह्याच्यात तापणाऱ्या भागांना तांबं चिकटवलेलं असतं आणि त्या तांब्याच्या पोटातून पाणी फिरतं.

"पाणी विजेला शिवतच नाही मामा. मध्ये तांबं आहे."

"म्हणजे सोवळ्यात आहे."

"हां, तसंच समज."

ही काही त्याने घरी केलेली उचापत नव्हती. असे डबे कूलन्स नावाची अमेरिकन कंपनी फार पूर्वीच विकत होती. पुढे तैवानच्या एफएसपीने पाण्याच्या जोडण्या बनवणाऱ्या बिट्सपॉवरला बरोबर घेऊन एक काढला. तो हवेवर १२०० वॅट देतो आणि पाणी जोडलं की १४००. ओलं झाल्यावर दोनशेने वाढणारे दोघे आमच्याही ऑफिसात होते, त्यामुळे हा भाग मला लगेच पटला.

पण इतका चांगला डबा असेल तर त्याला पाणी हवंच कशाला, एक बरा पंखा पुरणार नाही का, असं मी विचारलंच. भाचा जरा घुटमळला. "पुरेल की," तो म्हणाला, "पण बाकी सगळ्यांना पाणी आहे मामा, ह्यानेच काय पाप केलंय?" पंगतीत एकालाच कसं वगळायचं, इतकाच तो प्रश्न होता. मी गप्प बसलो.

आणि १२०० वॅट कशाला लागतात? तर भाचा बिल्डरांसाठी न बांधलेल्या इमारतींची चित्रं करतो. बाल्कनीत कोवळं ऊन, खाली निळा तलाव, शेजारी एकमेकांकडे बघून हसतायत. असलं अशक्य दृश्य उभं करायला ४५० वॅटची एक अशी दोन ग्राफिक कार्डं लागतात, यात मला नवल वाटलं नाही. कार्डं इथे राहणार, भाचा तिकडे, आणि काम तो तिकडून इंटरनेटवरून करणार. बिल इकडे येणार, हे वाक्य त्यावेळी कुणी उच्चारलं नाही.

पहिली अडचण प्लगची. डब्याची वायर गीझरच्या वायरीएवढी आणि पुढचा प्लग १६ अँपिअरचा. आमच्या फ्लॅटमध्ये असे मोठे पॉइंट चारच: एक गीझरला, एक फ्रिजला, एक ओट्यावर, आणि चौथा बेडरूममध्ये, बाथरूमच्या भिंतीलगत. तो बिल्डरने एसीसाठी काढून दिला होता. एसी आजतागायत आलेला नाही, पण पॉइंट आहे म्हणून पाहुण्यांना दाखवत असू.

"साध्या पॉइंटला कन्व्हर्टर लावून चालेल का?" मी आमच्या वायरमनला विचारलं.

त्याने पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, सहाचा पॉइंट म्हणजे सहा गुणिले दोनशे तीस, तेराशे ऐंशी झाले. हे चौदाशे देणार, तर घेणार पंधराशे. चालेल. पण कधीपर्यंत ते मी सांगू शकत नाही." बोर्डाकडे जाताना पाण्याची नळी दिसली तेव्हा तो थांबला. "आणि हे कोणी केलं?" भाच्याने, असं मी सांगितल्यावर त्याने पैसे न घेताच चपला घातल्या. एसीच्या पॉइंटची वायर तपासायला दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या पोऱ्याला पाठवलं.

प्रवासासाठी पेटीतलं पाणी काढलेलं होतं. ते पुन्हा भरायचं, हवेचे बुडबुडे घालवायचे आणि गळती नाही ना हे पूर्ण एक दिवस बघायचं, आणि नेमकं त्याच रात्री भाच्याचं विमान. विमानतळावरून तो व्हिडिओ कॉलवर सूचना देत होता.

"मामा, नीट ऐक. आतला सप्लाय चालू करायचा नाही. त्याच्याच पोटात पाणी आहे. नुसता पंप चालवायचा, आणि तोसुद्धा वेगळ्या सप्लायवर."

वेगळा सप्लाय म्हणजे माझ्या जुन्या कॉम्प्युटरमधला, पंधरा वर्षांपूर्वी पुण्याच्या तपकीर गल्लीतून, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणलेला. त्याच्या मोठ्या प्लगमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी यांच्यात स्टेशनरीची एक यू पिन खोचायची, की कॉम्प्युटर नसतानाही तो चालू होतो. मी कापऱ्या हाताने पिन खोचली. बटण दाबण्याआधी टॉवेलला हात पुसला, सवयीने. पंप घुरघुरला, नळकांड्यातलं पाणी सर्रकन खाली गेलं आणि मी ओरडलो.

"जाऊ दे, जाऊ दे! नळ्या भरतायत. वरून ओतत राहा."

पाणी हा एक वेगळाच विषय निघाला. मी इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाच लिटरचं कॅन आणून ठेवलं होतं, भाच्याने आधीच महागाची बाटली ठेवलेली. त्यात शेवाळ धरू नये म्हणून औषध, तांबं गंजू नये म्हणून औषध. पारदर्शक, बिनवासाचं. त्यात जरा हिरवा रंग टाकू या का, सरबतासारखा, असं मी सुचवलं. रंगाचा गाळ धरतो आणि बारीक खाचा तुंबतात, म्हणून त्याने ते फेटाळलं. हा मुद्दा इथे लक्षात ठेवा.

जोडांपाशी थोडी शंका होती म्हणून मी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे एक सुटा तुकडा घेऊन गेलो. त्याने बघताक्षणी "पाव इंची" म्हणून टेफ्लॉन टेप हातात ठेवली. घरी येऊन मी टेप गुंडाळायला घेतली, तर फोनमधून भाचा असा किंचाळला की विमानतळावरची दोन माणसं मागे वळलेली मला दिसली. टेप नाही! रबराची रिंग असते, तीच पाणी धरते, हाताने घट्ट करायचं आणि थांबायचं. आयुष्यभर नळ गळतो म्हणून पान्याने पिळत आलेल्या माणसाला ‘थांबायचं’ ही सूचना फार जड जाते.

प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपरची घडी ठेवून मी ती रात्र जागून काढली. दर अर्ध्या तासाने टॉर्च मारून बघायचं, बोट लावायचं. पहाटे तीनला सौभाग्यवती उठल्या. दाराशी उभं राहून त्यांनी काही वेळ पाहिलं. "निनादच्या वेळी एवढं जागला नव्हतात," म्हणाल्या आणि परत झोपल्या. टिश्यू कोरडे निघाले. पंपाचं रिकामं खोकं मी माळ्यावर टाकलं. त्यावर ‘कमाल उचल ३.९ मीटर’ असं छापलेलं होतं. दीड फुटाच्या पेटीत चार मीटर पाणी कोण चढवणार, असं तेव्हा मनात आलं, एवढंच.

एप्रिल-मे आम्ही भाजून निघालो. पाण्याने थंड होतो म्हणजे कॉम्प्युटर थंड होतो. खोली होत नाही. उलट त्याच्या पोटातली सगळी आग रेडिएटर इमानदारीत आमच्या बेडरूममध्ये आणून ओततो. खोलीत ४० असेल तर पाणी ४० च्या खाली उतरत नाही, हे निसर्गाचं कलम भाच्याने मला मेसेजवर कळवलं. त्यांच्याकडे संध्याकाळचे नऊ वाजले की आमच्याकडे रात्रीचे साडेबारा. तेवढ्यात पेटी आपोआप जागी व्हायची आणि पायथ्याशी शेगडी पेटल्यासारखं व्हायचं. मे महिन्याचं बिल आलं तेव्हा आमच्या वापराने तीनशे युनिटांची रेघ आयुष्यात प्रथमच ओलांडली होती. गीझर बंद करायला विसरतो म्हणून मी वीस वर्षं बोलणी खाल्ली आहेत. आता घरात रात्रभर चालणारा गीझर होता आणि तो बायकोच्या नव्हे, माझ्या माहेरचा होता. त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

जून लागला आणि पारडं फिरलं. चार दिवस सूर्य नाही, घरभर दोऱ्या, दोऱ्यांवर कपडे, कपड्यांना तो पावसाळी कुबट वास. पाचव्या दिवशी रात्री एक वाजता फोन.

"मामा, पाण्याचं तापमान का चढतंय? रेडिएटरवर काही आहे का?"

मी दिवा लावला. "बनियन आहे."

"किती?"

"दोन. आणि एक पेटीकोट आहे, पण तो अर्धाच आला आहे वर."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्याने विचारलं, वाळले का. वाळले होते. खडखडीत. सौभाग्यवतींचं त्या पेटीबद्दलचं मत त्या रात्री बदललं. पुढे भाच्याशी वाटाघाटी होऊन दीड फूट अंतरावर एक स्टँड मंजूर झाला.

सगळं सुरळीत चाललं असताना जुलैतल्या एका सकाळी पेटीच्या काचेवर थेंब दिसला. एकच, टपोरा. माझं काळीज लक्कन हललं. आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, टॉवेलने हात पुसून. मग टॉर्च, टिश्यू, बोट. प्रत्येक जोड कोरडा. नळकांड्यातली पातळी रेघेवर. भाच्याला झोपेतून उठवलं, त्याने जर्मनीतल्या अंथरुणातून एकेक नळी बघायला लावली. आम्ही दोघं असे वाकून बघत असताना दुसरा थेंब माझ्या मानेवर पडला.

गळत होतं ते छत. सगळं वरच्याच्या हातात असतं म्हणतात. आमच्या बाबतीत ते वरच्यांच्या बाथरूममध्ये होतं. मी पेटीवर प्लॅस्टिक टाकलं, त्याला छत्री बांधली, फोटो काढले आणि सोसायटीत अर्ज दिला.

रविवारी कमिटी बसली. वरचे आले ते तयारीनेच. "माझ्या बाथरूमच्या टाइल्स गेल्या वर्षी बदलल्यात," ते म्हणाले. "पण मी ऐकलंय की ह्यांनी बेडरूममध्ये पाण्याचा कॉम्प्युटर ठेवलाय. वायरमनच सांगत होता. मग ओल कशाची, हे तपासायला नको?"

"पाणी छतातून खाली येतंय," मी म्हणालो.

"थेंबावर लिहिलेलं असतं का कुठलं ते?" नव्हतं लिहिलेलं. तो हिरवा रंग टाकला असता तर मी त्याच जागी निर्दोष सुटलो असतो.

"पण कॉम्प्युटर जमिनीवर आणि ओल छताला," मी समजावलं. "पाणी वर कसं जाईल?"

सेक्रेटरी इरिगेशनमधून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला. "पंप आहे का त्याला?"

"आहे. पण अगदी छोटा..."

"उचल किती?"

बघून सांगतो, असं म्हणून मी घरी आलो. आमचं छत साडेनऊ फुटांवर आहे. सौभाग्यवतींना शिडी धरायला लावून माळ्यावरून ते खोकं काढलं. ३.९ मीटर म्हणजे पावणेतेरा फूट. त्या शिडी धरून खालून विचारत होत्या, काय शोधताय. मी काही बोललो नाही. खोकं रद्दीत घातलं. लेबलाचा तेवढा भाग मात्र आधी फाडून घेतला.