‘डिझेल फोर्कलिफ्टला ठिणगी नसते’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरी औद्योगिक पट्ट्यातल्या कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फ्लेमप्रूफ फोर्कलिफ्ट, म्हणजे ज्वलनशील वाफेच्या जागेत चालवायला खास बनवलेली गाडी, ही कंपन्यांनी काढलेली लूट आहे. डिझेलला ठिणगी नसते, म्हणून साधी डिझेल गाडी केमिकलच्या कचऱ्यातही चालते. ड्रम बंद असतात, त्यामुळे पेटायला काही नसतं. धोका असला तर वास येतोच. आणि ‘एक्स’ची, म्हणजे स्फोटक वातावरणासाठी तपासल्याची, प्लेट लावलेली गाडी असेल तर मग ती कुठेही न्या.

माझा भाचा घातक रासायनिक कचऱ्याच्या एका यार्डात ठेकेदाराकडे फोर्कलिफ्ट चालवतो. त्यानं हे मला पाठवून खाली लिहिलं, “बरोबर आहे ना मामा? डिझेलले कुठं स्पार्क असते?” आपलं पोरगं असं विचारतं तेव्हा गप्प बसवत नाही.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, एवढं खरं. पण स्टार्टर, अल्टरनेटर, बॅटरीची टोकं, दिव्यांची आणि हॉर्नची वायरिंग, हे सगळं त्याच गाडीवर असतं. सायलेन्सरचा पाइप काही शे अंश तापतो. आणि खरा घात तर पुढेच आहे. डिझेल इंजिन हवा ओढतं, दाबून तापवतं आणि त्या उष्णतेनं इंधन पेटतं. आजूबाजूला ज्वलनशील वाफ असेल तर इंजिन हवेबरोबर तीही ओढतं, म्हणजे इंधन दोन वाटांनी आत जायला लागतं. इंजिन आपोआप सुसाट होतं. किल्ली काढली तरी थांबत नाही, कारण त्याला टाकीतल्या डिझेलची गरजच उरत नाही. मग ज्वाळा बाहेर येते आणि बाहेरची वाफ पेटते.

हे माझ्या मनातलं नाही. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या रिफायनरीत स्फोट झाला, १५ माणसं मेली, १८० जखमी झाली. तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डानं चौकशी केली आणि ठिणगीचं सर्वांत संभाव्य ठिकाण म्हणून बोट दाखवलं ते चालू इंजिनानं उभ्या असलेल्या एका डिझेल पिकअपकडे. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं तो अहवाल उघडून पाहावा आणि मग कामगारांना सल्ले द्यावेत. अशा जागेसाठीची डिझेल फोर्कलिफ्ट वेगळीच बनते: हवा ओढण्याच्या वाटेवर ज्वाळारोधक जाळी, एक्झॉस्टवर ठिणगी अडवणारं साधन, तो थंड ठेवायची सोय, आणि वेग हाताबाहेर जाऊ लागला की हवाच तोडून इंजिन बंद पाडणारी झडप. साध्या गाडीत यातलं काही नसतं.

‘ड्रम बंद असतात’ हे लिहिणाऱ्यानं मे महिन्यातलं यार्ड पाहिलेलं नाही. नवतप्यात ड्रम फुगतात, झाकणं सुटतात, आणि फोर्कचं टोक ड्रममध्ये घुसायला एक चुकीचा अंदाज पुरतो. टोल्युइन या द्रावकाचा फ्लॅश पॉइंट ४ अंश आहे, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने ते पेट घेण्याएवढी वाफ सोडतं. ती वाफ हवेहून तिप्पट जड, त्यामुळे जमिनीलगत पसरते, नेमकी टायर आणि फोर्क असतात तिथे. म्हणूनच अशा गाडीचे फोर्क पितळ किंवा स्टेनलेस स्टीलनं मढवतात आणि टायर स्थिर वीज जमिनीत सोडणारे असतात. रिकाम्या ड्रमाला तर कोणी हलक्यात घेऊच नये. त्यात द्रव नसतो, वाफ आणि हवा असते, आणि पेटायला तेवढंच लागतं.

वासाचं दोन ओळींत. नाकाला टोल्युइन अगदी थोडं असलं तरी कळतं, पण ते पेटायला हवेत साधारण १.१ टक्के लागतं, आणि दोन्हींतला फरक नाक सांगू शकत नाही. हायड्रोजन सल्फाइड वाढलं तर नाक बधिरच होतं. मोजायला गॅस डिटेक्टर लागतो.

प्लेटबद्दल मात्र सगळ्यांनी नीट वाचा, कारण गाडी फ्लेमप्रूफ असूनही माणसं इथे फसतात. ती प्लेट ताईत नाही, ती अटींची यादी आहे: कोणत्या झोनसाठी (म्हणजे वाफ किती वेळा असू शकते त्यावरून आखलेल्या भागासाठी), कोणत्या वायुगटासाठी (पेटायला किती सोपे त्यावरून पाडलेले वायूंचे गट), पृष्ठभाग किती तापणार. टी४ म्हणजे १३५ अंशांपर्यंत. कार्बन डायसल्फाइड साधारण ९० अंशांवर आपोआप पेटतं, तिथे टी४ची गाडी चालत नाही. शिवाय प्लेटवर भोवतालचं तापमान वेगळं छापलेलं नसेल, तर ते उपकरण उणे २० ते ४० अंशांसाठीच तपासलेलं असतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे जातो! खरेदी करताना हे विचारलंच पाहिजे. अशा विद्युत उपकरणांना मंजुरी देणाऱ्या पेसोचं, म्हणजे केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं, मुख्यालय नागपुरातच सेमिनरी हिल्सला आहे, त्यामुळे माहिती मिळत नाही ही सबब विदर्भात तरी चालणार नाही.

फ्लेमप्रूफ पेटीत वाफ शिरत नाही, हाही गैरसमज आहे. शिरते. आत स्फोट झाला तर पेटी तो सोसते, आणि झाकणाच्या अरुंद फटीतून येणारी ज्वाळा धातूला लागून थंड होते. एक बोल्ट कमी असला, फटीवर ओरखडा पडला किंवा कुणी मोबाइल चार्जरसाठी भोक पाडलं, की ती पेटी साधा डबा झाली. गाडी बॅटरीवर चालणारी असेल तर चार्जिंग झोनबाहेर, खेळत्या हवेत. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, आणि तो हवेत ४ टक्क्यांवर पेट घेतो.

किंमतीचा मुद्दा मी मान्य करतो, नाखुशीनं. गाडी खरंच महाग असते आणि यार्डातल्या प्रत्येक कोपऱ्यात ती लागतही नाही. वजनकाट्याजवळ साधी गाडी चालेल. पण हद्द कुठे संपते ते झोनचा नकाशा ठरवतो, ठेकेदाराची घाई नाही. आणि कचऱ्याच्या ड्रममध्ये नक्की काय मिसळलंय हे कोणी शपथेवर सांगू शकत नसेल, तर हद्द आखताना वाइटात वाईट धरूनच आखायची.

भाच्याला मी सांगितलंय: किल्ली घेण्याआधी प्लेटचा आणि झोनच्या नकाशाचा फोटो मला पाठव. दोन्ही जुळले नाहीत, तर गाडी शेडबाहेर उभी कर आणि सुपरवायझरकडून लेखी घे. ठेकेदार काही बोलला, तर माझा नंबर दे त्याला.